मामानं समुद्र आटलाय म्हणून सांगितलं

खरं सांगतो, ही पोस्ट लिहायची मी महिनाभर टाळतोय. थोडा आळस... आणि बाकी सगळा मामा. "लिव्हू नगं," म्हणाला होता. का, ते येईलच पुढं.

तर आम्ही अलिबागला गेलो होतो! मी आणि सांगोल्याकडचा माझा मामा. मामा म्हणजे मेंढरं, डोक्याला लाल पटका आणि बोलणं एकदम कमी.

जायचं होतं खरं तर मामीला. समुद्र असा असतो, तसा असतो, हे मीच तिच्या डोक्यात भरवलेलं. तिनं नवं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. पण घरात मेंढरं असली की नवरा-बायको दोघं एकदम कधी गाव सोडत नाहीत, एकजण मागं राहतोच. आणि नेमकी निघायच्या सकाळी एक मेंढी विताना अडली. अडलेली मेंढी सोडवायला आमच्याकडं मामीचाच हात लागतो.

मग तिनं मामालाच एसटीत बसवलं. "तुमी जावा. नीट बगून या आन मला सांगा."

मामाचा चेहरा असा, जणू दुसऱ्याच्या जागी परीक्षेला बसवलाय...

अलिबागला आम्ही एक छोटी गाईडेड टूर घेतली. गाईड म्हणजे कॉलेजातली पोरगी, गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत. जुन्या गल्ल्या, समाधी, वेधशाळा... ती आरमाराच्या लढाया रंगवून सांगत होती आणि मी दर वळणावर कशात तरी अडकून मागं राहत होतो. सुक्या मासळीचं दुकान, कौलावरचं मांजर, काहीही.

मग बीच आला. आणि पाणी गायब! ओहोटी लागलेली. नुसती ओली वाळू, त्यावर कलंडलेल्या होड्या, लांब कुठंतरी एक राखाडी रेघ. लोक चक्क चालत समोरच्या किल्ल्यात निघालेले.

मामा थबकला. उन्हाळ्यात गावच्या तळ्यावर उभा राहतो, तसाच उभा राहिला.

"आटलाय की रं."

मी ओहोटीचं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात एक खेकडा दिसला. लालभडक, तिरका पळणारा! गेलो त्याच्या मागं... परत आलो तर मामा फोनवर.

"व्हय. आटलाय. चिखल हाय नुसता, आपल्या तळ्यागत. तुजं काय बी चुकलं न्हाय."

पलीकडं मामी खळखळून हसली, ते मला ऐकू आलं. "मग बरंच झालं की! हितं कोकरू झालं. मेंढी बी बरी हाय."

मामा एकदम मोकळा झाला. मी म्हटलं जाऊ दे, नंतर समजावू.

किल्ल्यात तोफा, देऊळ, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर... मी फोटो काढत सुटलो. तेवढ्यात शिट्टी. "चला, भरती लागली! पाणी वाढायच्या आत बाहेर पडायचंय!" सगळे जमले. मामा नाही.

पळत शोधला. मागच्या बाजूच्या तटावर बसलेला. पटका काढून मांडीवर ठेवलेला. आणि समोर... अहो, समोर नुसतं पाणी! पल्याड काठच नाही. खाली दगडांवर आपटून वर उडतंय, उन्हात लखलखतंय. मी किती वेळा समुद्र बघितलाय, पण त्या दिवशी मामाशेजारी उभा राहिलो आणि अंगावर काटा आला.

पाण्याकडं बोट करून तो बोलला. "कुटल्या धरणातनं सोडलं ह्ये?"

गाईड धापा टाकत मागं आली होती. "काका, हे चंद्र सोडतो. रोज दोनदा."

"रोज?"

"रोज!"

आमच्याकडं कॅनॉलला पाण्याची पाळी कधी येणार यावरून अख्खं गाव भांडतं. मामा तिच्याकडं बघतच राहिला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "तिला मी आटलाय म्हणून सांगितलं रं."

"मग लाव की आता फोन!"

"नगं. खूश हाय ती. अजून मेंढ्या व्यायच्या हायत, तिच्याबिगर हलत न्हाय. उगा जीवाला घोर कशाला? तू बी लिव्हू नगं कुटं. कोन तरी वाचून दाखवंल तिला."

गुडघाभर पाण्यातून आम्ही परत आलो. मामा धोतर वर धरून पुढं... आणि सारखा मागं वळून बघतोय.

आज सकाळी त्याचा फोन आला. "शेवटची मेंढी मी सोडवली. हिनं हात बी लावला न्हाय, नुसती शेजारी बसून शिकवत हुती." आणि मग, "सांगितलं तिला. लिव्ह आता." आणि ठेवला पण! मामी काय म्हणाली, ते सांगितलंच नाही.

तेव्हापासून सोलापुरात खोलीवर बसून हे टाइप करतोय. मी एवढा भटकतो, पण कुणीतरी घरी थांबतं म्हणून दुसऱ्याला जाता येतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मामानं या वयात नवं काम शिकून घेतलं... का, ते मला आत्ता कळतंय.

थांबा, दार वाजतंय...

मामी आलीय!! एकटी! नवं लुगडं, हातात भाकरीचं गठुडं. मामानंच एसटीत बसवून दिली म्हणे. आत यायलाही तयार नाही, उंबऱ्यातूनच विचारतीय...

"पप्या, पानी हाय न्हवं रं अजून?"