दादाच्या लायसनचा फोटो

आज सकाळी आमच्या भावकीच्या ग्रुपवर प्रचाराचा एक फोटो आला. 'बघा, घुसखोरांना बिनकागदाचं लायसन देऊन राहिलेत!' लायसनवरच्या नावावर काळी पट्टी होती, पण दाढीवाला चेहरा उघडा होता. तो माझा मोठा भाऊ होता. आमच्या हदगावचाच, ट्रक चालवायचा.

दोन महिन्यांपूर्वी तो अपघातात गेला. तेव्हा कुणा अनोळखी माणसाने हाच फोटो, पट्टीशिवाय, व्हॉट्सॲपवर टाकला होता, 'नातेवाइकांना कळवा' म्हणून. त्यामुळेच आम्ही त्याच्यापर्यंत पोहोचलो.

आज ग्रुपवर तो फोटो टाकणाऱ्या काकांनी दादाला खांदा दिला होता. मी फोन केला.

"काका, फोटो कुणाचा आहे, बघितलं का?"

"बघायचं काय त्यात? वरून आलाय." मग फोटो उघडून बघत, "आरं, हा तर आपला दिगू हाय की!"

"काढून टाका. वहिनी ग्रुपमध्ये आहेत."

"काढतो. पण फोटोतला माणूस चुकीचा असला तरी मुद्दा खरा हाय बघ."

संध्याकाळ झाली, फोटो तिथेच आहे. खाली अंगठे वाढत आहेत. त्यात दादाच्या तेराव्याला जेवून गेलेलेही आहेत.

तुमच्याकडेही तो फोटो आला असेल. पुढे पाठवताना चेहरा बघितला होता का?