खंडेनवमीला पूजेत बसलेलं परमिट

आमच्या घरात देवघरं दोन. एक आईचं, पितळी देवांचं. दुसरं वडिलांचं, म्हणजे लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा. त्यात आमच्या एकुलत्या एक ट्रकची कागदपत्रं लाल फडक्यात बांधून ठेवलेली असत. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, नॅशनल परमिट आणि त्या परमिटाला दरवर्षी जोडायचं ऑथरायझेशन. हे शेवटचं प्रकरण बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना मला आजही लाज वाटते. परमिट मिळतं पाच वर्षांचं, पण राज्याची हद्द ओलांडायची तर दरवर्षी पैसे भरून नवं ऑथरायझेशन घ्यायचं. ते संपलं की परमिट हातात असूनही गाडी आपल्याच राज्यात फिरवायची. ज्यानं कुणी हे शोधून काढलं त्यानं आयुष्यात कधी ट्रक चालवला नसणार, ट्रकच्या मागं मात्र धूर खात बराच काळ अडकला असणार.

वडील फौजेत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी सहाचाकी घेतली आणि सांगलीत स्थायिक झाले. कागद खरा की खोटा हे ते मजकुरावरून ठरवत नसत, शिक्क्यावरून ठरवत. मी ऑथरायझेशनचे पैसे घरबसल्या कॉम्प्युटरवर भरायची आणि पांढऱ्या कागदावर प्रिंट काढून द्यायची. तो कोरा करकरीत कागद त्यांना पटायचा नाही. ते तो घेऊन आरटीओ कचेरीबाहेर लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसणाऱ्या एजंटकडे जायचे. एजंट त्यावर जांभळा गोल शिक्का मारायचा. त्या शिक्क्यात सरकारचं काहीच नव्हतं. त्याचं स्वतःचं नाव होतं, मोबाईल नंबर होता आणि मधे एक चक्र होतं. वडील तो शिक्का उन्हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "आता झालं डॉक्युमेंट."

मी बी.कॉम. झालेली, कुपवाडच्या एका कारखान्यात डिस्पॅचला नोकरीला. आमची गाडी त्याच कारखान्याचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, सुटं सामान हैदराबादकडं न्यायची. वडिलांना, एजंटला आणि एकंदर शिक्के मारणाऱ्या सगळ्या जमातीला मी मनातल्या मनात अडाणी म्हणायची. कधी कधी मोठ्यानंही म्हणायची. घरात वाचून समजणारी एकटी मीच, अशी माझी पक्की खात्री होती.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजेला बसतात आणि दसऱ्याला उठतात. मधे त्यांना हात लावायचा नाही. आता ट्रकवाल्याचं हत्यार म्हणजे ट्रक, पण ट्रक दोन दिवस उभा ठेवणं वडिलांना परवडत नसे आणि देवीला नाराज करणंही परवडत नसे. त्यावर त्यांनी तोड काढली होती. गाडीला पहाटे हार घालायचा, चाकाखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा आणि गाडी सोडून द्यायची. तिच्याऐवजी तिचे कागद पाटावर बसवायचे. लाल फडक्यातला तो गठ्ठा हळदी-कुंकू लावून घटाशेजारी ठेवला जायचा, आणि गाडी बिनकागदाची रस्त्यावर. देवीला फसवायची ही युक्ती बरीच वर्षं चालली, कारण त्या दोन दिवसांत नाक्यावर कधी कुणी विचारलंच नव्हतं.

तीन-चार वर्षांपूर्वी विचारलं.

त्या नवमीला गाडीत खाली नेहमीचं बिडाचं सामान होतं आणि वर जाळीच्या पिशव्यांत झेंडू होता. झेंडू आमच्या ड्रायव्हरच्या बायकोचा. ड्रायव्हरला मी मामा म्हणते, तिला मामी. ती आटपाडीकडची, धनगराची. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं घर. अलीकडं कालव्याचं पाणी आलं तसा त्यांच्या माळावर एक तुकडा भिजायला लागला आणि मामीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं एक पीक लावलं. नवमीला तिकडं विजापुरात दुकानं, यंत्रं, गाड्या सगळ्यांची पूजा असते, फूल दुपारपर्यंत हातोहात जातं, हे तिनं चौकशी करून ठेवलं होतं. दसरा उलटला की झेंडू म्हणजे ओला कचरा. म्हणून ती स्वतः केबिनमध्ये बसून निघाली होती, डबा आणि पाण्याची कळशी घेऊन. निघताना मला म्हणाली, "ताई, माल खपला की पयलं काय घ्यायाचं ते ठरलंय. सांगनार न्हाई."

साडेआठला मामांचा फोन आला. सीमेवरच्या नाक्यावर गाडी बाजूला घेतली होती. मशीनवर ऑथरायझेशन संपलेलं दिसतंय, कागद असेल तर दाखवा, असं साहेब म्हणत होता. मामांनी त्याला खरं ते सांगितलं होतं, की कागद पूजेला बसलेत. साहेब हसला नाही म्हणे.

मी हसले. सरकारी मशीन चुकलं, यात मला नवल वाटलं नाही. पैसे मी स्वतः भरले होते. मी सरळ जाऊन पाटावरचा गठ्ठा उचलला. वडील दारात आडवे आले.

"पोरी, पूजेतलं हत्यार दसऱ्यापतूर उचलायचं न्हाई."

"मग नाक्यावर काय देवीला उभं करू?" मी म्हणाले.

"मामाला म्हनावं थांब. उद्या घट उठला की मी सोता नेतो."

"उद्यापर्यंत ताडपत्रीखाली फुलं राहतील?"

ते दारातून हलले नाहीत. मी त्यांच्या काखेखालून वाकून बाहेर पडले आणि स्कूटर काढली. मिरज ओलांडून सीमेपर्यंत जाईतो मी मनात त्या साहेबाला ऐकवायची वाक्यं तयार केली. त्यातली दोन-तीन फारच चांगली होती.

नाक्यावर गाड्यांची रांग लागलेली. साहेब मध्यमवयीन, शांत, मोडकंतोडकं मराठी बोलणारा. मी गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं गाठ सोडली तशा अक्षता आणि हळद टेबलभर सांडली. त्यानं आधी गठ्ठ्याला हात लावून कपाळाला लावला, मग एकेक कागद काढला. जांभळ्या शिक्क्याच्या कागदाशी थांबला.

"मॅडम, हे ऑथरायझेशन नव्हं. पैसे भरताना मधेच अडकलं त्याची पावती आहे. बघा, पेंडिंग लिवलंय."

लिहिलं होतं. कागदाच्या मधोमध, ठळक. पैसे भरायला गेले, साइट अडकली, पैसे माझ्या नकळत परत खात्यावर आले, आणि जे पान स्क्रीनवर दिसलं त्याचीच मी प्रिंट काढली होती. ती मी वडिलांना दिली, वडिलांनी एजंटला, एजंटनं त्यावर चक्र मारलं, वडिलांनी ते उन्हात धरून पाहिलं, लाल फडक्यात बांधलं, पाटावर बसवलं आणि कुंकू लावलं. इतक्या हातांतून गेलेला तो कागद कुणीच वाचला नव्हता. घरात फक्त आपल्यालाच वाचता येतं अशी जिची समजूत होती, तिनंही नाही. वाटेत तयार केलेली वाक्यं मी गिळली.

"आत्ता भरते," मी म्हणाले. साहेब म्हणाला, भरा, दंड भरा, मशीनवर हिरवं दिसलं की सोडतो. त्याच्या बाजूनं विषय संपला होता. मी मोबाईलवर साइट उघडली, सगळं भरलं आणि ओटीपीसाठी थांबले. ओटीपी आला नाही, कारण गाडीच्या नोंदीला जोडलेला मोबाईल नंबर आमचा नव्हताच. पहिल्यांदा नोंदणी करताना एजंटनं स्वतःचा नंबर टाकला होता आणि तो बदलून घ्यायचं मी दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं होतं. दरवर्षी त्याला फोन करायचा आणि त्यानं आकडे सांगायचे, ही आमची आधुनिक पद्धत. मी फोन लावला. बंद. पुन्हा बंद. वडिलांना त्याच्या घरी पाठवलं. वडिलांनी तासाभरानं कळवलं, ते मी अजून विसरले नाही. एजंट सहकुटुंब देवीच्या दर्शनाला गेला होता, आणि त्याचे तिन्ही शिक्के व मोबाईल त्याच्या घरी पाटावर पूजेला बसले होते. घराला कुलूप, हे सगळं वडिलांनी खिडकीतून पाहिलं.

हा एकूण कारभार असा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लोखंड न्यायला दिल्लीपासून सांगलीपर्यंत जेवढी यंत्रणा लागते, ती सगळी त्या दिवशी हळदी-कुंकू लावून बसली होती. बिडाच्या सामानाला काही होणार नव्हतं. ते महिनाभर उन्हात पडलं असतं तरी तसंच राहिलं असतं. झेंडू मात्र ताडपत्रीखाली वाफ धरायला लागला होता.

मामी सावलीत बसून ऐकत होती. तिला परमिटचं सगळं समजावल्यावर ती एवढंच म्हणाली, "आमी मेंढरं घिऊन दरसाल हितनंच पलीकडं जायाचो. कुनी कागुद इचारला न्हाई."

मग ती उठली. मामांना ताडपत्री सोडायला लावली, एक पिशवी खाली घेतली आणि उभ्या ट्रकांच्या रांगेत शिरली. नवमीचा दिवस, रांगेत तिकडचेच ड्रायव्हर जास्त, प्रत्येकाला गाडीची पूजा करायची होती आणि हार कुणाकडंच नव्हता. मी डांबराच्या कडेला बसून सुतळीत फुलं ओवायला लागले, मामा हार बांधायला लागले. साहेबानंही जीपसाठी एक हार घेतला आणि पैसे देऊन घेतला. फुकट मागितला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान कुणावर तरी राग काढता आला असता.

पण रांग असून असून केवढी असणार. दुपारी दोनपर्यंत गाड्या सजल्या, निघून गेल्या, आणि वरच्या पिशव्यांपैकी जेमतेम चार रिकाम्या झाल्या. चारनंतर एजंट घरी आला, त्यानं पाटावरचा फोन उचलून चालू केला आणि आकडे सांगितले. मशीनवर हिरवं दिसलं तेव्हा पाच वाजत आले होते. विजापूरचा बाजार कधीच उठला होता.

मामा गाडी चालू करायला गेले. मामी माझ्याजवळ आली. रागावलेली नव्हती, रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं.

"ताई, तुमाला तर वाचाया येतंय न्हवं?"

"येतं."

"मग वाचलं का न्हाई?"

मी काहीतरी साइट, सर्व्हर असं बोलले. तिनं मान हलवली आणि केबिनमध्ये चढली.

उरलेली फुलं वाफेनं काळी पडली होती, ती त्यांनी दुसऱ्या दिवशी विजापूरच्या बाजाराबाहेर ओतली. मामीनं पहिल्यांदा काय घ्यायचं ठरवलं होतं ते मला कधी कळलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. मी भरपाई म्हणून काही द्यायला गेले तर मामांनी हात मागं घेतला. वडिलांच्या मते सगळा दोष गठ्ठा उचलल्याचा. पूजा मोडली नसती तर मशीनवर आपोआप हिरवं दिसलं असतं, असं ते अजून पाहुण्यांना सांगतात. एजंटनं त्या वर्षीपासून नवा शिक्का केला. तो आधीपेक्षा मोठा आहे.

मी गाडीला जोडलेला एजंटचा मोबाईल नंबर बदलून माझा घातला. ऑथरायझेशन संपायच्या महिनाभर आधी भरते, आणि कागद दोनदा वाचते, एकदा मोठ्यानं. आमची गाडी आता नाक्यावर अडत नाही.

पुढच्या वर्षी मामीनं परत झेंडू लावला. नवमीच्या आदल्या दिवशी मामा नेहमीसारखे कारखान्यात गाडी भरायला आले, बिडाचं सामान लागलं, वर ताडपत्री बांधली. वर जागा रिकामी दिसली म्हणून मी विचारलं, "मामा, फुलं?"

दोर आवळताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "फुलं सकाळीच गेली, ताई. गावातल्या दुसऱ्या गाडीत घातली तिनं."