आत्याबाईंच्या सुपारीची डबी

लग्न होऊन दिवेआगरला आले तेव्हा सासरचं दुसरं काही आवडण्याआधी मला आत्याबाईंची सुगंधी सुपारी आवडली. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. लहान वयात नवरा गेला आणि भावाच्या घरी परत आल्या त्या कायमच्या. वाडीतली सुपारी कातरून त्या तुपावर परतायच्या, मग लवंग, वेलची, ज्येष्ठमध आणि अगदी नखभर कापूर. आलागेला माणूस जेवण झाल्यावर त्या सुपारीसाठी आमच्या पडवीत रेंगाळायचा. ती विकायला काढावी हे खूळ माझं. मी तळा गावची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि आपल्याला फार कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

वाटलं होतं, आत्याबाई मला उडवून लावतील. त्या म्हणाल्या, "विकली जाईल खरंच?" त्यांना साधं लुगडं हवं असलं तरी भावाचा चेहरा बघून मागावं लागे, आणि भाऊ वाईट नसला तरी मागणं ते मागणंच. त्यांच्या हातचं काहीतरी या घरात त्यांचं स्वतःचं व्हायलाच हवं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

सुपारी मुंबईला पोचवू शकणारा माणूस एकच होता, चाचा. बोर्लीचे मुसलमान व्यापारी. वाड्यांमधून सुपारी उचलायची आणि दिघीहून बोटीने मुंबईला न्यायची हा त्यांचा धंदा. सासऱ्यांशी त्यांचा जुना घरोबा होता. म्हणजे आम्ही त्याला घरोबा म्हणत असू. चाचा पडवीच्या पायरीवर बसत आणि ते उठले की पायरीवर पाणी पडे. मला ते नवीन नव्हतं, माझ्या माहेरीही तसंच होतं. फक्त माहेरी माणूस लांब जाईपर्यंत तरी थांबत. आत्याबाईंना तेवढाही दम निघत नसे, त्या आधीच तांब्या भरून दाराशी ठेवत.

अडचण होती ती सुपारी भरायची कशात याची. साठ सालाच्या मागेपुढे आमच्याकडे होतं काय? कागदाची पुडी आमच्या हवेत संध्याकाळपर्यंत मऊ पडते, पत्र्याचा डबा गंजतो, काचेची बाटली बैलगाडीत फुटते. मुंबईत आता प्लास्टिक निघालंय, मी नमुने आणतो, असं चाचा म्हणाले. स्वतःची कामं सोडून ते बाजारात बरेच हिंडले असणार. पुढच्या खेपेला त्यांनी रुमालाची गाठ सोडून नमुने पायरीवर मांडले: एक मऊ पिशवी, एक लाल डबी आणि एक काचेसारखी स्वच्छ, गोल डबी, पांढऱ्या झाकणाची.

मला पिशवी पसंत होती. आत्याबाई दाराआडून म्हणाल्या की ती चुरगळते, त्यात सुपारी वाण्याच्या मिठासारखी दिसेल. लाल डबी त्यांना कुंकवाच्या करंड्यासारखी वाटली, म्हणून तीही बाद झाली. राहिली स्वच्छ डबी. सुपारीचा कातर बाहेरून दिसला पाहिजे, पांढऱ्यातली तांबडी नक्षी बघितली की माणूस घेतल्याशिवाय राहत नाही, असं चाचांचं म्हणणं. आत्याबाईंनी आतून लगेच दुजोरा दिला. दोघं दाराच्या दोन बाजूंनी सुपारीवर इतकं रंगून बोलले की मला वाटलं, जमलं आता.

मग आत्याबाई म्हणाल्या, एक भरून बघू या.

भरायची तर डबी आधी शुद्ध करायला हवी, चाचांचा हात लागलेला. मुंबईत ही सुपारी कोण कोण खाणार याची आत्याबाईंना फिकीर नव्हती, पण आपल्या हातून निघेपर्यंत ती सोवळ्यातच राहिली पाहिजे. काच धुऊन घ्यायची, मातीचं भांडं टाकून द्यायचं, धातूवर विस्तव ठेवायचा, हे त्यांना पाठ. प्लास्टिकचं काय करायचं ते मात्र त्यांना कुणी सांगून ठेवलं नव्हतं. धुवावी तर ओल राहून सुपारीला बुरशी धरणार. त्यांनी मला डबीवर टिचकी मारायला लावली. आवाज टणक आला. मग जरा उंचावरून टाकायला लावली, ती फुटली नाही. म्हणजे माती नव्हे, काच नव्हे. त्यांच्या हिशेबी उरला धातू.

"अगो, विस्तव आण," त्या म्हणाल्या.

चाचा जाईपर्यंत थांबा, असं मी त्यांच्या कानाशी लागून विनवलं. त्या कसल्या थांबतात! स्वतःच चुलीतला निखारा चिमट्यात धरून आल्या आणि उजेड होता म्हणून थेट उंबऱ्याशी बसून तो डबीत सोडला. डबी क्षणात खाली बसली, पाघळली, काळा धूर निघाला आणि असा घाण वास सुटला की गोठ्यातली गाय हंबरायला लागली.

चाचा दचकून उठले. "बाय, त्यात आग कशाला? ते भांडा न्हाय."

गरम सुपारी भरली तर टिकते का ते बघतोय, असं मी पटकन ठोकून दिलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं आणि मग दाराशी भरून ठेवलेल्या तांब्याकडे. त्यांना कळलं. इतकी वर्षं पायरीवरचं पाणी त्यांना दिसलं नसेल असं थोडंच आहे? पण आपण हौसेने निवडून आणलेली वस्तू कुणी डोळ्यांदेखत जाळावी, हे निराळं.

"व्हय, बघायला पायजे," ते हळू म्हणाले आणि उरलेले नमुने रुमालात बांधून निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याबाई चिकटलेला निखारा खरवडत प्लास्टिकलाच नावं ठेवत होत्या.

नंतर चाचा बरेच दिवस फिरकले नाहीत. आत्याबाई रोज विचारायच्या, चाचांचा काही निरोप? त्यांनी सुपारी कातरून ठेवली होती, वेलची सोलून ठेवली होती. चाचा आले नाहीत तर सगळं तिथेच संपणार होतं. त्यांनी यावं असं मला आत्याबाईंसाठी वाटे, आणि येऊच नये असं माझ्यासाठी. कुठल्या तोंडाने समोर जाणार होते मी?

आले ते पौषात. बैलगाडी बेड्यापाशी, आवाराच्या फाटकाशी, थांबली. आमच्याच आळीतल्या गाडीवानाने सुतळीने बांधलेली मोठी पेटी खांद्यावरून आणून पडवीत ठेवली. चाचा मागून येतील म्हणून मी पदर सावरून पुढे झाले. ते बेड्याच्या बाहेरच उभे राहिले.

"सूनबाय, बायला सांग," ते तिथूनच म्हणाले. "तिनं निवडली तीच डबी हाय. पेटी दुकानातून निघाली तशी हाय, फोडली न्हाय. चढवली-उतरवली ती गाडीवाल्यानं. माझा हात लागला न्हाय."

वर या, चहा टाकते, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. ते गाडीत बसले आणि गाडी बोर्लीच्या वाटेला लागली.

आत्याबाईंनी सुतळी तोडून एक डबी उजेडात धरली. त्यांचा चेहरा इतका आनंदलेला मी तोवर पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येईना.

"बघ, किती समजूतदार माणूस," त्या मला म्हणाल्या. "सांगावंसुद्धा लागलं नाही."