सदोष ट्रॅक आणि देऊळगावचा एक निकाल

चूक माझी होती, हे आधी नोंदवतो.

सत्तरच्या दशकात मी मुंबईच्या एका संगणक केंद्रात कामाला होतो. एका खोलीभर पसरलेल्या यंत्रावर अनेक कार्यालयांची कामं चालत. व्यवस्था अशी होती की प्रत्येक कार्यालयाला आपल्यापुरतं वेगळं यंत्र आणि वेगळी डिस्क मिळाल्यासारखं वाटे. प्रत्यक्षात यंत्र एकच आणि डिस्कही एकच. एकावर एक रचलेल्या जड तबकड्या आणि त्यांवर माहिती साठवणारी वर्तुळं. या वर्तुळांना आम्ही ट्रॅक म्हणायचो. डिस्कचे तुकडे पाडून ते वाटून दिले जात. कोणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत, याची यादी माझ्या ताब्यात होती.

ट्रॅक खराब होत. खराब ट्रॅकवर सदोष अशी खूण करायची आणि त्याच्याऐवजी दुसरा नेमायचा, हे नेहमीचं काम होतं. बदली ट्रॅकसाठी प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक पट्टी मोकळी सोडलेली असे. ती बहुधा मोकळीच राही. त्या जूनमध्ये परीक्षा मंडळाला गुणांच्या दुरुस्त्या साठवायला जागा कमी पडली. मी एका दुसऱ्या कार्यालयाची मोकळी पट्टी मंडळाला दिली. त्या कार्यालयाच्या नोंदीत मात्र तुकड्याचा शेवट होता तोच ठेवला. तो बदलायचा तर त्यांची परवानगी लागली असती.

दहा दिवसांनी त्या कार्यालयाचा एक ट्रॅक खराब झाला. यंत्राने यादीप्रमाणे शेवटच्या पट्टीतला बदली ट्रॅक घेतला आणि त्यावर लिहिलं. तिथे मंडळाच्या दुरुस्त्या होत्या. यंत्राने कसलीही तक्रार केली नाही.

दुरुस्त्या थेट टर्मिनलवर टाइप केलेल्या होत्या, त्यामुळे त्यांची छिद्रं पाडलेली कार्डं नव्हती. टेपवरची नक्कल त्याआधीची होती. मंडळातल्या कागदांवरून एक सोडून सगळ्या दुरुस्त्या परत मिळाल्या. उरलेल्या एकीचा मंडळातला कागद सापडेना. दुसरी प्रत शाळेकडे मोहोरबंद लिफाफ्यात गेली होती; मंडळाने कळवल्याशिवाय तो फोडायचा नसे. शाळा देऊळगाव राजाची, उमेदवार मुलगी, विषय गणित. दुरुस्तीआधी तिला एकतीस गुण होते. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागत. दुरुस्तीनंतर किती झाले, ते कोणालाच आठवत नव्हतं. निकाल राखून ठेवला होता. बुलढाण्याच्या अध्यापक विद्यालयाची प्रवेशयादी शनिवारी पाच वाजता बंद होणार होती. शाळेत फोन नव्हता. मंडळाने तार केली, तिला उत्तर आलं नाही. मी जातो म्हणालो.

शनिवारी जालन्याहून एसटीने देऊळगावला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. शाळेत एकटे लिपिक होते. तार त्यांच्या टेबलावर पडली होती, न फोडलेली.

"मोठ्या सरांच्या नावानं आहे," ते म्हणाले. "सर जालन्याले गेले. साडेतीनच्या गाडीनं येतीन."

"लिफाफा?"

"आहे ना. कपाटात आहे. चावीबी माह्यापाशी आहे."

"मग काढा."

"काढतो. पण फोडता नाही येत. त्याच्यावर लिहेल आहे, मुख्याध्यापकांनीच फोडावा."

त्यांनी लिफाफा काढून टेबलावर ठेवला. मी मंडळाचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. लिफाफा त्यांच्या हाताखालीच राहिला.

व्हरांड्यात एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. लिपिकांनी तिकडे मान केली. "तीच ती. आठ दिवस झाले, रोज येऊन राह्यली."

ती आत आली, पण बसली नाही.

"एका आकड्यासाठी मुंबईहून आले तुम्ही?" लिपिकांनी विचारलं. "अन् ते मशीन काय करते मग?"

मी इथून जवळच्याच दुसरबीडचा, हे सांगितलं. मग काय झालं तेही सांगितलं: दोन तुकड्यांच्या मध्ये जागा सोडलेली असते, ती मी दुसऱ्याला देऊन टाकली.

लिपिक मोठ्याने हसले. "म्हंजे धुरा नांगरला तुम्ही! दुसरबीडचा माणूस मुंबईले गेला, अन् तिथं जाऊनबी धुराच कोरला!"

आमच्याकडे दोन वावरांमध्ये न नांगरता सोडलेल्या पट्टीला धुरा म्हणतात. तो कोरण्यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. मला हे लहानपणापासून माहीत होतं. यादी बदलताना आठवलं नव्हतं.

मुलगी हसली नाही. "माझे मार्क त्या धुऱ्यावर होते का?" तिने विचारलं.

"हो."

"अन् आता तिथं काय आहे?"

"दुसऱ्या कार्यालयाची माहिती."

ती पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसली.

साडेतीनची गाडी चारला दहा कमी असताना आली. मुख्याध्यापकांनी आधी तार फोडली, मग माझं पत्र वाचलं, मग लिफाफा फोडला. मुलीने "सर, किती?" विचारलं.

"पोरी, ते मले सांगता येत नाही. गुप्त आहे. निकाल मंडळ सांगन."

आम्ही पोस्टात गेलो. मुलगी चार पावलं मागे होती. मी लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा ट्रंककॉल, मागितला. तो चार वाजून वीस मिनिटांनी लागला. मंडळाचे अधिकारी पलीकडून ओरडत होते, ते मला कसेबसे ऐकू येत होते. मी आसनक्रमांक ओरडून सांगितला, मग आकडा.

"किती?"

"अडतीस!"

"अठ्ठावीस?"

"अडतीस! तीनावर आठ!"

तिकिटांच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मी आणखी एकदा ओरडलो. अधिकाऱ्यांनी आकडा परत म्हटला, बुलढाण्याला विद्यालयात लगेच फोन करतो म्हणाले, आणि लाइन तुटली.

मुलगी दारात उभी होती. तिने दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

"घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. "दिवसभर जपला, अन् साऱ्या पेठेनं ऐकला."

यादी बंद होण्याआधी तिचं नाव चढलं, हे मला सोमवारी मंडळात कळलं. त्याच दिवशी मी पट्टी मूळ कार्यालयाला परत केली आणि झालेली चूक नोंदवहीत माझ्या सहीने लिहिली. मंडळाला पुन्हा जागा कमी पडली. त्यांची तक्रारीची दोन पत्रं आली. मी ती फाइलला लावली.