प्रभुभोजनाची उरलेली भाकर

मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली, नवरा वसईचा कॅथलिक. लग्नानंतर आम्ही करंजाड्यात फ्लॅट घेतला आणि सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. रविवारी नवरा त्यांना त्यांच्या चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला घेऊन जायचा, मी माझ्या चर्चला. दुपारचं जेवण मात्र एकत्र. कोणी कोणाला काही विचारत नसे.

एका रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी भाकर वाटून खायचा विधी होता आणि भाकर आणायची पाळी माझी. भाकर म्हणायचं एवढंच. मी कणकेची जाड पोळी भाजून तिचे बारीक तुकडे केले होते. सुट्ट्यांमुळे माणसं कमी आली, बरेच तुकडे उरले. पाळक म्हणाले, “घरी न्या, चहाबरोबर संपवून टाका.”

घरी आल्यावर डबा ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. सासूबाईंनी झाकण उघडलं.

“हे काय गं?”

मी सांगितलं. त्यांनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

“आणि असं कांद्यांशेजारी ठेवलंस?”

“आई, आम्ही ती ख्रिस्ताची आठवण म्हणून खातो. भाकर भाकरच राहते.”

“आमच्यात राहत नाही. फादरांनी प्रार्थना केली की ते साक्षात त्याचं शरीर. कणसुद्धा खाली पडू देत नाहीत.”

“पण ही काही तुमच्या फादरांनी दिलेली नाही.”

त्यांनी डब्यात वाकून पाहिलं. “म्हणजे ही साधीच?”

“साधीच.”

“मग खा बघू चहात बुडवून.”

“तुम्ही खा आधी.”

“मी नाही बाई!”

आम्ही दोघी डब्याकडे बघत उभ्या. तेवढ्यात नवरा आंघोळ करून आला. भूक लागलेली. त्याने कपात चहा ओतला, डब्यातले मूठभर तुकडे त्यात टाकले आणि चमच्याने तोंडात भरले.

“अरे!” सासूबाई ओरडल्या.

“अहो, नको!” मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

तो गाल फुगवून तसाच थांबला. “छान झालंय की. काय झालं?”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “मी ओरडले ते ठीक. तू का ओरडलीस?”

माझा चेहरा बघून त्यांना हसू फुटलं, मग मलाही. हसता हसता त्यांनी ओट्याला हात टेकला, डोळे पुसले. नवरा बिचारा अजून चावत होता.

मग त्यांनी टेबलावर धुतलेला नॅपकिन पसरला, तुकडे त्यावर मांडले आणि आम्हा दोघांना बसवलं. चहा लांब सरकवला. “आता नीट खा. माझं सकाळीच मिस्सात झालंय.” आम्ही खाल्लं. नॅपकिनवर राहिलेले कण त्यांनी बोटाने टिपून माझ्या तळहातावर ठेवले.

पुढच्या महिन्यात त्या माझ्याबरोबर चर्चला आल्या. भाकरीचं ताट त्यांच्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी त्यातलं काही घेतलं नाही, पण दोन्ही हातांनी ते शेजारणीला दिलं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, “तुमचे पाळक फार बोलतात हं.”

“हो, जरा बोलतात.”

“आणि तुझी पोळी कडक होते. पुढच्या वेळी कणीक मी मळते.”

तेव्हापासून त्याच मळतात. आमच्या चर्चमधल्या बायका मला कृती विचारतात, आणि मी त्यांना सासूबाईंचा फोन नंबर देते.