डाव्या हाताचं गोंदण

ते प्रकरण निवृत्तीनंतरही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. कार्तिकातला सोमवार, मागणी पन्नास हजारांची. अकोल्याच्या ठाण्यात माझ्यासमोर सत्तरीच्या आजी, त्यांचा मुलगा आणि आमचे हवालदार. आजी अमरावतीकडच्या, घरी फुलांचा मळा. तरुणपणी अकोल्यातल्याच जठारपेठेतल्या एका फोटोग्राफरसाठी त्या साड्यांच्या कॅलेंडरला उभ्या राहत. त्यांच्याच संमतीने त्याने त्यांचे काही विवस्त्र फोटोही काढले होते. तो वारला आणि थोड्याच दिवसांत त्यातला एक फोटो पाकिटातून घरी आला. सोबत चिठ्ठी: पैसे द्या, नाहीतर हा नातीच्या होणाऱ्या सासरी जाईल.

खबर फोटोग्राफरच्या पुतण्याने दिली. स्टुडिओची किल्ली डार्करूममधल्या जुन्या कारागिराकडे असते, म्हणाला. कारागिराला आणून दिवसभर विचारपूस केली. त्याचं एकच उत्तर होतं, "साहेब, ते सारे फोटो मीच धुतले. विकाचे असते तं कवाच विकले असते."

फोटो मात्र आम्ही कोणीच नीट पाहिला नव्हता. हवालदारांनी तो पालथा ठेवूनच पंचनामा लिहिला होता, कारागिरालाही दाखवला नव्हता. ओळख पटवायला आजींना बोलावलं तेव्हा मीही मान वळवूनच पाकीट पुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून निवांत पाहिलं.

"मान कावून वळवता, साहेब? माझं गोंदण डाव्या हाताले हाये. इथं उजव्या हाताले कसं आलं?"

निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन झाली होती. डार्करूममध्ये आयुष्य काढलेला माणूस ही चूक करत नाही. मग उरला खबर देणारा पुतण्याच. त्याच्या घराची झडती घेतली. संगणकात सगळेच फोटो उलटे, निगेटिव्हही तिथेच. संध्याकाळी त्याने कबुली दिली.

नातीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. धमकीबद्दल आजींनी व्याह्यांना आधी स्वतःच सांगून टाकलं होतं. त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "आमाले सून पाह्यजे, तिची आजी नाई."

पुरावा पाहताना पोलिसाने लाजू नये, हे मी तेव्हा शिकलो. लाजायचं की नाही, ते ज्याचा फोटो त्याने ठरवावं.

पुतण्याला एक रुपयाही मिळाला नाही. न्यायालयाच्या आदेशाने निगेटिव्ह आजींच्या ताब्यात आल्या. त्यातली एक त्यांनी त्याच कारागिराकडून सुलट छापून घेतली आणि त्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवले.