हळद लावलेलं जाकीट

दसरा आला की ती घटना मला आजही आठवते. तेव्हा बालाघाटला पोलीस दलाच्या साहित्यखरेदीचे काम माझ्याकडे होते. नमुना तपासायचा, मंजूर करायचा, आलेला माल त्याच्याशी ताडून घ्यायचा. चोर पकडणे त्यापेक्षा सोपे, असे मी गमतीने म्हणत असे.

जंगलातल्या गस्तीसाठी नवी बुलेटप्रूफ जाकिटे आली होती. आमच्याकडे दसऱ्याला पोलीस लाईनीत शस्त्रांची पूजा होते. बायकांनी बंदुकांबरोबर नव्या जाकिटांनाही हळदीकुंकू वाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शिपायाची बायको नवऱ्याला मिळालेले नवे जाकीट घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. माहेर खैरलांजीकडचे, स्वभाव रोखठोक. सरकारी वस्तू भिजवली म्हणून नवऱ्यावर बालंट येईल, ही भीती मात्र तिला होती. हळदीचा डाग काढायला तिने जाकीट आतल्या कवचासकट धुतले होते. कवचाच्या शिवणीतून पिवळे पाणी झिरपत होते.

"साहेब, हळद आत गेली त पावसाचं पाणी नाही जाणार काय? यायले उद्या बिरस्याच्या जंगलात जा लागते," ती नवऱ्याबद्दल म्हणाली.

मी चमकलो. कवचाच्या आतले कापड ओले झाले की गोळी अडवण्याची त्याची ताकद घटते. म्हणून त्यावरचे आवरण तापवून बंद केलेले असावे लागते, शिवलेले चालत नाही. सीलबंद मंजूर नमुना काढून पाहिला, तो बरोबर होता. गोदामातली जाकिटे उघडली. वरच्या थरातली चांगली, खालची सगळी शिवलेली.

वरिष्ठांना कळवले, पंचनामा करून माल जप्त केला. गस्तीला जुनी, जड पण खात्रीची जाकिटे दिली. पुरवठादाराचा व्यवस्थापक गावातच होता. पूजेचा प्रसादही त्याने खाल्ला होता. चौकशीत तो सफाईने उत्तरे देत होता. शिवण जास्त मजबूत असते, म्हणे. कागदांपुढे खोटे बोलणारा माणूस बरेचदा माणसांपुढे अडखळतो, हा माझा अनुभव. मी त्या बाईला आत बोलावले आणि त्याला म्हणालो, "हे जाकीट चांगलं आहे ना? मग यांच्या हातात द्या. उद्या यांच्या मालकांना हेच घालून पाठवतो."

त्याने जाकीट उचलले. तिच्याकडे पाहिले आणि परत टेबलावर ठेवले.

"नाही देऊ शकत, साहेब."

मग सगळे बाहेर आले. आवरण बंद करायचे यंत्र बिघडले, मुदत टळत होती, दंड बसला असता. म्हणून शिलाई मारली आणि तपासणीसाठी चांगले नग वर रचले. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला.

काही महिन्यांनी नवा माल आला. सगळ्या चाचण्या झाल्यावर मी त्या बाईला मुद्दाम बोलावले. तिने एका जाकिटाला हळद फासली, बादलीत बुडवले, कवच काढून आवरण कापायला लावले. आतले कापड कोरडे होते. तिने त्यावरून दोनदा हात फिरवला.

"हौ. आता जाऊ द्या यायले."

खरेदीचे नियम मी पुष्कळ शिकलो. पण तो माल कोणाच्या तरी घरचा माणूस घालणार आहे, हे तिने शिकवले. तिचा नवरा सुखरूप निवृत्त झाला. आजही दसऱ्याला त्यांच्या घरी सोने द्यायला मी आधी जातो, आणि आपट्याचे पहिले पान तिच्या हातावर ठेवतो.